वस्तऱ्याने दाढी शिकताय? या चुका टाळा

नवख्याला वस्तरा लागतो तो बहुतेक वेळा बोथट धारेमुळे. बोथट पातं केसात अडकतं, मग माणूस जोर लावतो आणि जोर लावला की कातडी सोलली जातेच. तरी इथे सोलापुरात माझ्याकडे येणारं प्रत्येक पोरगं आधी 'हात कसा फिरवायचा' तेच विचारतं. धारेचं कुणी विचारत नाही.

ऑनलाइन मागवलेला वस्तरा खोक्यातून काढून थेट गालाला लावू नका. 'वापरायला तयार' असं छापलेलं असलं तरी तो क्वचितच तयार असतो. आधी मनगटाच्या वरच्या केसांवर फिरवून बघा. केस न ओढता अलगद उडाले पाहिजेत. नाही उडाले, तर जाणकाराकडून दगडावर धार लावून घ्या. दगडाचं काम पहिल्या वर्षी स्वतः करायचं नाही, हे माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त वाट लागते ती चामड्याच्या पट्ट्यावर, म्हणजे दाढीआधी धार साफ करायला वस्तरा ज्यावर फिरवतात त्यावर. पट्ट्यावर वस्तऱ्याची पाठ पुढे आणि धार मागे राहते. टोकाला पोचलं की पातं पाठीवरच पालटायचं, पाठ चामड्यावरून उचलायची नाही. पट्टा ताणलेला हवा; सैल पट्ट्यावर धार गोल होते. आमच्या साखर पेठेतल्या एका मुलाने सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आदल्या रात्री व्हिडिओतल्यासारखे सपासप हात मारायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या हाताला पातं धारेवरच पालटलं. चामड्याची बोटभर लांब साल निघाली आणि धारही गेली. तिथे थांबायचं, तर हा तोच वस्तरा घेऊन आरशासमोर उभा राहिला. केस निघेनात म्हणून दाबला, हनुवटीवर मांस दिसेल एवढं कापलं. रक्त थांबेपर्यंत मध्यरात्र झाली आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीत स्वारी पट्टी लावून. मी आजही दाढीआधी पट्ट्यावर पन्नासेक फेऱ्या मारतो, सावकाश. वेग आपोआप येतो, त्याच्या मागे लागू नये.

दुसरी चूक कोनाची. पातं गालाला जवळजवळ टेकवायचं, मग पाठ साधारण तीस अंश उचलायची. जास्त उभं धरलं की खरवडतं, फार आडवं धरलं की केस उपटले जातात. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरा. पातं केसाच्या दिशेनेच न्या. धारेच्या रेषेत आडवं सरकलं की चिरलंच. गळ्यावर केस कुठल्या बाजूला वाढतात ते आधी बोटाने चाचपून घ्या, गालासारखे ते सरळ खाली नसतात. पहिले पंधरा दिवस फक्त गाल करा, बाकी नेहमीच्या रेझरने. उलटी दाढी तर इतक्यात नकोच. 'एकदाच सगळं करून टाकतो' म्हणणाऱ्याला मी वस्तरा हातात देत नाही.

बोअरच्या जड पाण्यात साबण फेसत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून लोक बोअरवरच भागवतात आणि साबणाला नावं ठेवतात. वाटीभर फिल्टरचं पाणी घ्या. त्याआधी सोलापुरी टेरी टॉवेल गरम पाण्यात पिळून दोन-तीन मिनिटं तोंडावर ठेवा. दाढी मऊ होते, निम्मं काम तिथेच होतं.

सलूनमधला अर्ध्या ब्लेडचा वस्तरा 'शिकायला सोपा' म्हणतात. मला पटत नाही. त्याला पट्टा लागत नाही हे खरं, पण हात जरा चुकला तर तो जास्त लवकर कापतो.

आपला वस्तरा भावालाही देऊ नका; रक्तातून कावीळ ब पसरते.

ओला वस्तरा बाथरूममध्ये ठेवलात तर गंज धरणारच. पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा आणि कपाटात ठेवा.

आणि निसटला तर झेलायला हात पुढे करू नका. पाय मागे घ्या, पडू द्या. नंतर धार भिंगाखाली बघा. धारेला दाता, म्हणजे खाच, पडला असेल, तर दगडावर जाऊन येईपर्यंत तो वस्तरा चेहऱ्याला लावायचा नाही.