मीटिंगमध्ये आयडिया मांडायच्या आधी सेटरशी बोला

चाकणला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा प्रेसवरची एक डाय, म्हणजे साचा, बदलायला ५०-५५ मिनिटं जायची. स्मेड तुम्हाला कॉलेजपासून माहितीये, शिगेओ शिंगोंची पद्धत, चेंजओव्हर, म्हणजे डाय बदलायचा वेळ, १० मिनिटांच्या आत आणायचा. मी तीन दिवस स्टॉपवॉच घेऊन प्रेसपाशी उभा राहिलो, स्लाइड्स केल्या आणि थेट मंथली रिव्ह्यूला प्लँट हेडसमोर मांडल्या. साहेब खूश. आमचे सेटर काका, म्हणजे डाय बदलून बसवणारे, मागे बसलेले, २० वर्षं त्याच प्रेसवर काढलेला माणूस, आणि समोर लाल अक्षरात 'वाया गेलेला वेळ ३४ मिनिटं'. पुढचे दोन महिने कोणी नाही म्हणालं नाही, फक्त काही झालंच नाही. ट्रॉली जागेवर नसायची, फोर्कलिफ्ट बिझी, सेकंड शिफ्टला निरोपच पोचायचा नाही.

इथे नीट थांबून वाचा, कारण नवीन पोरं इथेच अडकतात. माझा आकडा बरोबर होता. पण तो काकांच्या कामाचा आकडा होता आणि त्यांना तो पहिल्यांदा साहेबांसमोर कळला. त्यातला निम्मा वेळ फोर्कलिफ्टची वाट बघण्यात आणि पाना शोधण्यात जायचा, यात त्यांचा काय दोष? पण चारचौघांत लाल आकडा दिसला की तो आपल्यावरच आहे असं वाटणार, मलाही वाटलं असतं. टोयोटात यासाठी नेमावाशी म्हणतात, मूळ शब्द बागकामातला, झाड हलवायच्या आधी मुळांभोवतीची माती मोकळी करायची. आधी एकेकाला भेटा, कच्चा कागद दाखवा, तो खोडू द्या.

एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, मेलमध्ये सीसी करून काम करून घ्यायचा शॉर्टकट तर अजिबात नको, एकदा चालतो, मग माणसं कायमची तुटतात. आणि मेंटॉर केबिनमध्ये शोधू नका, लाइन लीडर जास्त शिकवतो.

पण बिघडलेलं सावरतं, घाबरू नका. मी शेवटी चहाच्या सुट्टीत काकांकडे गेलो, चुकलं म्हणालो. त्यांनी मला डायपाशी नेलं, प्रत्येक डायची क्लॅम्पची, म्हणजे ती प्रेसला आवळतात तिथली, उंची वेगळी, म्हणून दरवेळी वेगळा बोल्ट शोधायचा. "साहेब, खाली पट्ट्या लावून सगळ्यांची उंची एक करा, एकच बोल्ट पुरेल." माझ्या २३ स्लाइड्समध्ये हे कुठेच नव्हतं. कायझेन शीटवर, म्हणजे सुधारणा नोंदवायच्या कागदावर, त्यांचं नाव पहिलं लिहिलं. चार महिन्यांनी २२ मिनिटांवर आलो, १० अजून लांब आहे, पण सेकंड शिफ्टला आता काका स्वतः थांबून समजावतात.