किनाऱ्यावरच्या हॉटेलची हिरवी (पर्यावरणपूरक) खरेदी
आधी महिनाभर दोन वह्या ठेवा: आलेला माल आणि फेकलेला माल, दोन्ही किलोत. गळती बहुधा मासळीतच सापडते. मालवण-हर्णैच्या बंदरावरून मासळी आणताना थर्माकोलऐवजी झाकणाचे इन्सुलेटेड क्रेट वापरा; 10 किलो मासळीला 10 किलो बर्फ, थराथराने. तळाचं भोक बंद राहिलं की वितळलेल्या पाण्यात मासळी मऊ पडते, आणि मग दोष विनाकारण कोळणीला! 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. तेव्हा मेनूत सुकट, फणसाची भाजी, सोलकढी आणा. नारळ-कोकम गावातूनच घ्या, पण पैसे आठवड्यात चुकते करा. उधारी लांबली की चांगला माल दुसरीकडे जातो.