‘यापुढे जास्त मेहनत करेन’: मुलांना आत्मपरीक्षण करायला सांगताना या चुका टाळा

चाचणी झाल्यावर ‘तुमच्या अभ्यासाबद्दल चार ओळी लिहा’ म्हटलं की बहुतेक वह्यांत एकच उत्तर सापडतं: ‘मी कमी पडलो, यापुढे जास्त मेहनत करेन.’ वाचायला बरं वाटतं, हाती मात्र काही लागत नाही. मुलं लबाडी करतात असंही नाही. आपण विचारतोच असं की हेच उत्तर सोयीचं पडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे या लिखाणाला गुण देणं. गुण आले की मूल सरांना काय आवडेल ते लिहितं. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले तिथे मात्र शेऱ्याचा फायदा दिसला नाही. गुणांइतकीच घातक असते शिक्षा. ‘धडा वाचलाच नव्हता’ असं कुणी खरं लिहिलं आणि त्यावरून पालकांना निरोप गेला, तर त्या वर्गात पुन्हा खरं कोण लिहील? ‘चांगल्या’ नोंदी वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याचा मोहही आवरा. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यांच्या नकला येतात.

दुसरी चूक, अघळपघळ प्रश्न. ‘तू काय शिकलास?’ याला मोठ्यांनाही धड उत्तर देता येत नाही. त्याऐवजी एकच उदाहरण समोर ठेवा आणि ‘कुठल्या पायरीला अडलास?’ असं विचारा. मग ‘२/३ + १/४ मध्ये छेद १२ केला, पण अंश तसेच ठेवले, म्हणून ३/१२ आलं’ असं काहीतरी हाती येतं. ‘गणित कच्चं आहे’ या कबुलीपेक्षा हे एक वाक्य कितीतरी कामाचं.

‘समजलं का?’ विचारून वर आलेल्या हातांवरही विसंबू नका. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना तो चांगला लक्षात राहील अशी जास्त खात्री होती. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना जास्त आठवलं. म्हणजे मूल मनापासून सांगत असतं, अंदाजच चुकलेला असतो. म्हणून आधी पुस्तक मिटून पाच मिनिटं लिहायला लावा, मग स्वतःबद्दल विचारा. उत्तरपत्रिका परत देण्याआधी गुणांचा अंदाज मागितला तर तफावत मुलांना स्वतःलाच दिसते.

एवढं करूनही कागद कोराच आला तर आळस समजून रागावू नका. बहुधा शब्द सुचत नसतात. ‘… इथपर्यंत जमलं, … इथे अडलं’ असं अर्धं वाक्य लिहून द्या. रोज लिहायला लावू नका, कंटाळून ठोकळेबाज उत्तरं येतात. एखादा धडा संपल्यावर पुरे.

आणि वाचून कागद कपाटात टाकू नका. बऱ्याच जणांनी एकच पायरी लिहिली असेल, तर पुढच्या तासाला कुणाचंही नाव न घेता तीच फळ्यावर घ्या.