काढलेल्या कृत्रिम सांध्याचे सोनिकेशन कसे करावे

संसर्गाच्या संशयाने काढलेला कृत्रिम गुडघा किंवा खुबा नुसता स्वॅबने पुसून कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवण्यात फारसा अर्थ नाही. जंतू बायोफिल्मच्या चिकट थरात धातूला धरून बसलेले असतात. स्वॅबवर ते येतातच असे नाही. म्हणून सोनिकेशन: काढलेला भाग द्रवात ठेवून ध्वनिलहरींनी जंतू सोडवायचे आणि त्या द्रवाचे कल्चर करायचे.

ऑपरेशन थिएटरमध्येच तो भाग थेट १ लिटरच्या, रुंद तोंडाच्या, ऑटोक्लेव्ह केलेल्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात टाकावा. पिशवी नको. टोकदार धातूने ती फाटते, सोनिकेशनच्या बाथमधले (ध्वनिलहरी देणाऱ्या पाण्याच्या टाकीतले) पाणी आत शिरते आणि त्या पाण्यातले जंतू रुग्णाच्या नावावर चढतात.

प्रयोगशाळेत ४०० मिली निर्जंतुक रिंगर द्रावण (क्षारांचे पाणी) घाला. मग ३० सेकंद व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणे), ४० किलोहर्ट्झच्या बाथमध्ये ५ मिनिटे, पुन्हा ३० सेकंद व्हॉर्टेक्स. ध्वनिलहरींनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, त्या धक्क्याने थर सुटतो. 'अजून थोडा वेळ' हा मोह आवरा: तेच धक्के पुढे जंतूंनाही मारतात, ग्रॅम-निगेटिव्ह (पातळ भित्तीचे) जंतू आधी.

सुटलेल्या द्रवातले ०.५ मिली एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंच्या) आणि तेवढेच अनएरोबिक (हवेविना वाढणाऱ्यांच्या) प्लेटवर पसरा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००७ च्या अभ्यासात संसर्ग धरण्यासाठी प्लेटवर किमान ५ वसाहती (जंतूंचे ठिपके) ही मर्यादा होती. त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेआधीच्या १४ दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्यांत सोनिकेशनने ७५ टक्के संसर्ग पकडले, ऊतींच्या कल्चरने ४५. खांद्याचा सांधा असेल तर अनएरोबिक प्लेट १४ दिवस ठेवा, तिथे सापडणारा क्युटिबॅक्टेरियम हा जंतू फार सावकाश वाढतो. ऊतींचे नमुने मात्र तरीही घ्यायचेच.