कायदा आणि ललित कला एकत्र शिकताना : दुहेरी पदवीचा अनुभव

कायदा आणि ललित कला या दोन पदव्या एकाच वेळी घेणार असल्याचे सांगितले की ऐकणारा बहुधा मातीस आणि कांदिन्स्की या चित्रकारांची नावे घेतो. आंरी मातीस यांनी पॅरिसमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली होती, आणि वासिली कांदिन्स्की यांनी मॉस्को विद्यापीठात कायदा व अर्थशास्त्र शिकल्यावर, प्राध्यापकी चालून आलेली असतानाही १८९६ मध्ये चित्रकलेसाठी म्युनिक गाठले होते, हे खरेच आहे. परंतु या दोघांनीही कायदा सोडला होता. जिला दोन्ही गोष्टी धरून ठेवायच्या आहेत, तिला त्यांच्या चरित्रातून सोमवारच्या वेळापत्रकापुरतेही मार्गदर्शन मिळत नाही. मी अशी संयुक्त पदवी घेतली आहे, आणि या वाटेने येऊ पाहणाऱ्यांना आधी कळलेले बरे, अशा काही गोष्टी येथे नोंदवते आहे.

प्रवेशापूर्वी पदवीची रचना कागदावर नीट वाचून घ्यावी. ऑस्ट्रेलियात कायद्याची पदवी दुसऱ्या पदवीला जोडून घेण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे आणि ती दुसरी पदवी ललित कलेचीही असू शकते. साधारण पाच वर्षे किंवा त्याहून थोडा अधिक काळ त्यात जातो. तेथे वकिलीसाठी जे अकरा विषय पूर्ण करावेच लागतात, त्यांना ‘प्रीस्टली इलेव्हन’ म्हणतात : फौजदारी कायदा, करार, अपकृत्ये (दुसऱ्याचे नुकसान करणारी दिवाणी चूक), मालमत्ता, विश्वस्त कायद्यासह इक्विटी (न्यायबुद्धीवर आधारलेले नियम), कंपनी कायदा, प्रशासकीय कायदा, संविधान, दिवाणी कार्यपद्धती, पुरावा आणि व्यावसायिक नीती. ही यादी कलेच्या विद्यार्थ्यासाठी आखूड होत नाही. जागा करून द्यावी लागते ती कलेच्या बाजूने. एरवी कलेच्या विद्यार्थ्याला इतर शाखांतले हवे ते विषय घेता येतात, तो सगळा मोकळा वाव कायदा व्यापून टाकतो.

भारतात परिस्थिती निराळी आहे. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली, ती बातमी वाचून अनेकांचा समज होतो की बी.एफ.ए. (ललित कलेची पदवी) आणि एलएल.बी. (कायद्याची पदवी) एकदमच करता येईल. मात्र वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार कायद्याच्या पदवीसोबत दुसऱ्या नियमित पदवीसाठी नाव नोंदवता येत नाही; एकाच संस्थेचा एकात्मिक अभ्यासक्रम असेल तरच त्याला अपवाद. अशा एकात्मिक अभ्यासक्रमांत कायद्याशी जोडलेल्या पदव्या सहसा बी.ए., बी.कॉम. किंवा बी.बी.ए. अशा असतात. त्यामुळे चार वर्षांची बी.एफ.ए. आणि त्यानंतर तीन वर्षांची एलएल.बी. हाच तेथे सरळ मार्ग ठरतो. वर्षे अधिक लागतात. पण एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष देता येते, हा त्याचा फायदा मी तरी कमी लेखणार नाही.

दोन्ही एकत्र करताना कामाचे ओझे जड असते हे सगळेच सांगतात. प्रत्यक्षात ओझ्यापेक्षा जास्त छळते ते दोन्हीकडचे वेळेचे गणित. कायद्याचे वाचन हप्त्याहप्त्याने होऊ शकते. एखादा निकाल तासभर वाचावा, बाजूला ठेवावा, रात्री पुन्हा उघडावा. स्टुडिओत तसे चालत नाही. प्लास्टर कालवले की ते घट्ट होण्याआधी हात चालवावाच लागतो, तैलरंगाचा थर वाळेपर्यंत पुढचा थर देता येत नाही आणि भट्टी थंड होईपर्यंत आतले भांडे पाहता येत नाही. म्हणून वेळापत्रक निवडण्याची संधी मिळताच कायद्याची व्याख्याने दोन-तीन दिवसांत कोंबावीत आणि निदान एक अख्खा दिवस स्टुडिओसाठी अखंड मोकळा ठेवावा. रोज दोन-दोन तास स्टुडिओ, ही विभागणी कागदावर समतोल दिसते. पण त्या दोन तासांतला निम्मा वेळ सामान मांडण्यात आणि ब्रश धुण्यात जातो.

सत्राच्या शेवटी कायद्याची परीक्षा आणि कलेचे मूल्यमापन बहुधा त्याच पंधरवड्यात येते. या पेचावर मला सापडलेला तोडगा अगदी व्यवहारी आहे : त्या सत्राच्या अंतिम कामासाठी माध्यम निवडतानाच वाळण्याचा, भाजण्याचा, छपाईचा काळ मोजावा, आणि कायद्याच्या ऐच्छिक विषयांपैकी ज्यांत लेखी परीक्षेऐवजी संशोधन निबंध असतो असा निदान एक विषय घ्यावा. निबंध लवकर लिहून ठेवता येतो. परीक्षा मात्र लवकर देऊन टाकता येत नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. दोन्हीकडे विद्यार्थ्याच्या कामाची पारख होते, पण निकष परस्परांच्या उलट असतात. कायद्याच्या प्रॉब्लेम क्वेश्चनमध्ये अर्ध्या पानात वस्तुस्थिती दिलेली असते. तीतला मुद्दा शोधायचा, लागू होणारा नियम सांगायचा, तो वस्तुस्थितीला लावायचा आणि निष्कर्ष काढायचा, हा क्रम मोडला की गुण कापले जातात. काही शिक्षक तर निष्कर्ष पहिल्याच वाक्यात मागतात. स्टुडिओतल्या क्रिटमध्ये आपले काम भिंतीवर लावून बाजूला उभे राहायचे आणि इतरांना त्यात काय दिसते ते ऐकायचे असते. निष्कर्ष आधी ठरवून केलेले काम तेथे पाच मिनिटांत उघडे पडते. पहिल्या वर्षी कायद्याकडून आलेले विद्यार्थी क्रिटमध्ये आपल्या चित्राची वकिली करू लागतात, हे मी वारंवार पाहिले आहे. प्रत्येक शंकेला त्यांच्याजवळ उत्तर तयार असते, आणि त्यामुळेच कोणी काही उपयोगाचे सांगत नाही. क्रिटमध्ये गप्प राहून टिपणे काढणे आणि त्याच दिवशी संध्याकाळी ट्यूटोरियलमध्ये हात वर करून प्रतिवाद करणे, ही अदलाबदल अंगवळणी पडायला सरावच लागतो.

आता मुख्य मुद्दा. नवागत विद्यार्थी ‘आर्ट लॉ’ या ऐच्छिक विषयाची वाट पाहत राहतात. तो उपलब्ध झालाच तर बहुधा शेवटच्या वर्षांत मिळतो, आणि तोवर करार, मालमत्ता, विश्वस्त कायदा हे विषय नाइलाज म्हणून उरकले जातात. माझ्या मते कलेशी संबंधित कायद्याचा मोठा भाग याच नाइलाजाच्या विषयांत असतो. न्यूयॉर्क राज्याचा कायदा पाहा. कलाकाराने विक्रीसाठी गॅलरीकडे सोपवलेली कलाकृती आणि तिच्या विक्रीतून आलेले पैसे हे गॅलरी कलाकाराची विश्वस्त म्हणून, म्हणजे त्याच्या हितासाठी, सांभाळत असते, असे तो सांगतो. गॅलरी बुडाली तर तिच्या धनकोंनी त्या चित्रावर हात टाकावा की नाही, हा प्रश्न विश्वस्त म्हणजे काय हे ज्याला नीट कळले आहे त्यालाच सोडवता येतो. सौंदर्यशास्त्राचे पान त्यासाठी उघडावे लागत नाही.

सीमाशुल्कासारख्या रुक्ष विषयातूनही हेच दिसते. कॉन्स्टान्टिन ब्रांकुसी यांचे ‘बर्ड इन स्पेस’ हे कांस्यशिल्प १९२६ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याला शिल्प मानायला नकार दिला, स्वयंपाकाची भांडी आणि रुग्णालयीन साहित्य या गटात घातले आणि ४० टक्के शुल्क लावले. मूळ शिल्प असते तर शुल्क माफ होते. त्याआधीच्या निवाड्यानुसार शिल्पाने निसर्गातील आकाराचे अनुकरण करणे अपेक्षित होते, आणि या पक्ष्याला ना पंख ना चोच. १९२८ मध्ये न्यायालयाने ब्रांकुसींच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल मी आधी कलेतिहासाच्या वर्गात आधुनिकतेचा विजय म्हणून ऐकला होता. नंतर कायद्याची विद्यार्थिनी म्हणून मूळ निकाल वाचला तेव्हा जाणवले की न्यायालयाची बरीच शक्ती साध्या प्रश्नांवर खर्च झाली आहे : ही वस्तू व्यावसायिक शिल्पकाराने केली का, ती मूळ कृती आहे का, तिचा काही उपयुक्त वापर आहे का. एकाच मजकुराचे हे दोन्ही पाठ डोळ्यांसमोर असणे, यासाठी मला ही दुहेरी पदवी मोलाची वाटते.

काही ठिकाणी दोन वर्ग एकमेकांच्या थेट विरोधात उभे राहतात. स्टुडिओत दुसऱ्याची प्रतिमा उचलून तिचा नवा अर्थ लावणे ही शिकवली जाणारी पद्धत आहे. कॉपीराइटच्या वर्गात तीच पद्धत प्रतिवादीच्या बाकावर बसलेली असते. जेफ कून्स यांनी एका छायाचित्रावरून केलेले कुत्र्याच्या पिल्लांचे शिल्प १९९२ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयात उल्लंघन ठरले. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या छायाचित्रावरून चित्र केले होते; २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वॉरहॉल फाउंडेशनच्या खटल्यात ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने कौल दिला. तो कौल वॉरहॉल यांनी चित्र रंगवण्याबद्दल नव्हता. फाउंडेशनने ते चित्र मासिकाला वापरायला देऊन शुल्क घेतले, त्या व्यवहाराबद्दल होता. हा भेद स्टुडिओतल्या मित्रांना समजावून सांगणे जमले, तर आपल्याला तो निकाल समजला असे मानायला हरकत नाही.

भारतीय कायद्यातील दोन निकाल मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एकत्र वाचायला सांगते. अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकण्यात आले आणि त्यात त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मधील नैतिक हक्कांच्या (आपल्या कृतीची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला बाधा येऊ नये, अशा निर्मात्याच्या हक्कांच्या) आधारे अवशेष शिल्पकाराला परत देण्याचा आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाईचा आदेश दिला. याच न्यायालयाने २०१९ मध्ये वास्तुरचनाकार राज रेवाल यांचा दावा मात्र फेटाळला. प्रगती मैदानावरील त्यांचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ मध्ये पाडले गेले होते, आणि इमारत संपूर्ण पाडण्याविरुद्ध वास्तुरचनाकाराला या कलमाचा आधार घेता येत नाही असे न्यायालयाने ठरवले. शिल्पाची मोडतोड हा निर्मात्याच्या प्रतिष्ठेचा भंग, आणि इमारत नामशेष करणे मात्र मालकाचा हक्क, हे पटते का? माझे मत अजून पुरते ठरलेले नाही, पण या प्रश्नावर लिहिलेला निबंध माझ्या संपूर्ण पदवीतला सर्वांत आनंदाचा निबंध होता.

या सगळ्याचा हाताशी येणारा उपयोग मात्र मोठ्या निकालांपेक्षा छोट्या कागदांत दिसतो. आमच्या वर्गातील एकीने मेण आणि मिठाचे मांडणीशिल्प केले होते. दमट हवेत मीठ बाहेर येऊन मेणावर त्याचे स्फटिक धरत आणि मेणाला हळूहळू तडे जात. प्रदर्शनासाठी ते देताना गॅलरीच्या छापील फॉर्मवर साहित्य, मोजमाप, विमा मूल्य आणि स्थिती असे रकाने होते. ‘स्थिती’ या रकान्यात सहायकाने प्रामाणिकपणे लिहिले : कडेला तडे, पृष्ठभागावर पांढरे डाग. आम्ही दोघींनी ते खोडून लिहिले की स्फटिक आणि तडे हे कलाकृतीचेच अंग आहेत, प्रदर्शनकाळात ते वाढणे अपेक्षित आहे, आणि कोणीही ते पुसू किंवा भरू नयेत. सोबत त्या दिवशीची छायाचित्रे तारखेसह जोडली. या तीन ओळींमुळे नुकसान म्हणजे काय याची व्याख्याच फिरली. तडा रुंदावला तर विम्याचा दावा नाही. सफाई करणाऱ्याने डाग पुसले तर आहे. कोणत्या तड्याला तडा म्हणायचे हे तिला ठाऊक होते आणि ते कोणत्या रकान्यात लिहायचे हे मला.

करारांच्या बाबतीत अशीच दक्षता पहिल्या वर्षापासून घ्यावी. भारतीय कायद्यात कॉपीराइटचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. मोबदला देऊन कोणी व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र करवून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर कॉपीराइटचा पहिला मालक सहसा तो ग्राहकच असतो, हे ऐकून कलेचे बहुतेक विद्यार्थी चपापतात. ‘मित्राचे काम आहे, कागद कशाला’ असे म्हणणाऱ्यांना मी कलाविक्रेते सेथ सिगेलॉब यांचा १९७१ चा नमुना करार दाखवते. कलाकृती पुन्हा विकली गेली की वाढलेल्या किमतीतील १५ टक्के कलाकाराला मिळावेत, अशी त्यात तरतूद होती. बाजाराने तो फारसा स्वीकारला नाही, पण करार हेही कलाकाराच्या हातातले साधन असू शकते हे त्यातून कळते.

नोकरीविषयी थोडक्यात. लॉ फर्मच्या मुलाखतीत कलेच्या पदवीबद्दल हमखास विचारतात आणि तेथे ‘माझा सर्जनशील स्वभाव’ वगैरे सांगून भागत नाही. प्रदर्शनाचे अंदाजपत्रक, कर्जाऊ कलाकृतींचे करार, परवानग्या ही प्रत्यक्ष केलेली कामे सांगावीत. संग्रहालयांतील रजिस्ट्रार (कलाकृतींच्या नोंदी आणि ने-आण पाहणारे), लिलावगृहांतील मालकी इतिहासाची तपासणी, कॉपीराइट संस्था, विमा कंपन्या, सांस्कृतिक धोरण या ठिकाणी दोन्ही शिक्षणांची सांगड बसते. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविषयीचा युनेस्कोचा १९७० चा करार अशा कामांत वरचेवर पुढे येतो. न्यूयॉर्कमध्ये १९६९ पासून आणि ऑस्ट्रेलियात १९८३ पासून कलाकारांना कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्था चालू आहेत. अशा एखाद्या संस्थेत सुटीत स्वयंसेवक म्हणून काम करता आले तर जरूर करावे. केवळ कलाविषयक कायद्यावर चालणाऱ्या वकिलीच्या जागा मात्र थोड्याच असतात, आणि सुरुवातीची काही वर्षे सर्वसाधारण व्यापारी कायद्यात जाण्याची तयारी ठेवावी.

पदवी मिळाल्यावर वकिलीची सनद घेण्यासाठी आणखी प्रशिक्षण किंवा परीक्षा असते. त्या काळात विद्यापीठाचा स्टुडिओ, भट्टी आणि छपाईयंत्र हातचे गेलेले असते. त्यामुळे घरच्या टेबलावर करता येईल असे निदान एक माध्यम शेवटच्या वर्षातच हाताशी बसवून घ्यावे. मी लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापण्याची पद्धत, निवडले. एक कोरणी, एक रोलर आणि हाताने दाबून छापता येईल असा पातळ कागद एवढ्यावर ते चालते.