ग्रीक शोकात्मिका वाचताना या चुका टाळा

सोफोक्लीस या प्राचीन ग्रीक नाटककाराचं 'राजा ईडिपस', म्हणजे नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या थीब्जच्या राजाची गोष्ट, वाचून संपलं की पहिला प्रश्न मनात येतो, या माणसाचं चुकलं तरी काय? त्यावर दोन उत्तरं तयारच असतात. एक, तो गर्विष्ठ होता. दोन, त्याच्या नशिबातच होतं. कॉलेजात असताना पेपरात मीही हेच लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते. नाटक मात्र हातातून निसटलं होतं. ते पुन्हा हाती लागायला बरीच वर्षं गेली, म्हणून वाट कुठे चुकते ते जरा सविस्तर सांगावंसं वाटतं.

'गर्वाचं घर खाली' म्हणून मोकळं होणं

ही म्हण आपल्या तोंडात इतकी बसली आहे की ग्रीकांचा 'ह्युब्रिस' हा शब्द दिसला की आपण त्याच्या जागी 'गर्व' ठेवतो. पण अथेन्समध्ये ह्युब्रिस हा गुन्हा होता, त्यासाठी माणसावर खटला भरता येत असे. मनातल्या मनात स्वतःला मोठं समजण्याबद्दल कुणी खटला भरणार नाही. ॲरिस्टॉटल सांगतो की आपला काही फायदा व्हावा म्हणून नव्हे, तर निव्वळ त्यातल्या मजेसाठी दुसऱ्याची मान खाली जाईल असं वागणं म्हणजे ह्युब्रिस. मराठीत 'माज' हा शब्द त्याच्या जास्त जवळ जातो, कारण माज वागण्यात दिसतो आणि तो कुणाला तरी सोसावा लागतो.

या अर्थानं वाचलं की 'इलियड' आणि 'ओडिसी' या महाकाव्यांचा कवी होमर एकदम स्पष्ट दिसायला लागतो. 'इलियड'च्या, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या काव्याच्या, पहिल्याच सर्गात ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन त्याच्याच बाजूच्या अकिलीस या योद्ध्याच्या वाट्याला आलेली बंदिवान ब्रिसेइस हिसकावून घ्यायला निघतो, आणि अकिलीस अथीने या देवीला विचारतो की आगामेम्नॉनचा ह्युब्रिस बघायला आलीस का. 'ओडिसी'त ओडिसियसच्या बायकोशी, पेनेलपीशी, लग्न करायला टपलेले लोक परक्याच्या घरात बसून त्याचीच गुरं कापून खातात आणि दारात आलेल्या भिकाऱ्याला पायाखालचं स्टूल फेकून मारतात. हा माज आहे.

आता ईडिपसकडे या. तो टायरेसियस या आंधळ्या ज्योतिषावर ओरडतो, क्रेऑन या मेहुण्यावर नाही नाही ते आरोप करतो. तापट आहे, यात शंका नाही. पण तो बापाला मारणार हे त्याच्या जन्माआधीच सांगितलं गेलं होतं. मग त्याचा गर्व त्या घटनेचं कारण कसा ठरेल? गोंधळ झाला की स्वतःला एक प्रश्न विचारून बघा: हा दोष त्याच्यात नसता तर शेवट बदलला असता का? 'नाही' असं उत्तर आलं तर तो दोष स्वभावाचा भाग असेल, नाटकाची किल्ली नव्हे. त्या नाटकातला कोरस, म्हणजे मधेमधे गाणारा वृंद, 'ह्युब्रिसमधून जुलमी राजा जन्मतो' असं म्हणतो हे खरं. पण ते घाबरलेल्या म्हाताऱ्यांचं गाणं आहे, नाटककारानं दिलेला निकाल नव्हे. कोरसच्या प्रत्येक ओळीला नाटककाराचं मत समजणं ही याच चुकीची धाकटी बहीण.

गर्वाचं फळ थेट दाखवणारी नाटकंही आहेत, हे विसरू नका. एस्किलसचं 'पर्शियन्स' (इ.स.पू. ४७२) हे आज आपल्यापर्यंत पोचलेलं सर्वांत जुनं ग्रीक नाटक. ग्रीकांशी झालेल्या सलामिसच्या लढाईत पर्शियाच्या राजाचं, क्षर्क्सीसचं, आरमार बुडाल्यावर त्याच्या बापाचं, दारियसचं, भूत येऊन सांगतं की ह्युब्रिसला फुलोरा आला की सर्वनाशाचं कणीस धरतं आणि कापणीला येतात ते अश्रू. पण ते पीक त्या शेतातलं आहे. ईडिपसच्या शेतात तेच शोधायला गेलं की हाती काही लागत नाही.

'हामार्तिया' म्हणजे स्वभावदोष मानणं

गाइडांनी सगळ्यांत जास्त नुकसान इथे केलं. शोकात्मिकेचा नायक ज्यामुळे कोसळतो त्याला ॲरिस्टॉटल 'हामार्तिया' म्हणतो, आणि या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणं आहे. 'इलियड'मध्ये कुणी फेकलेला भाला चुकून बाजूनं जातो तेव्हा याच धातूचं क्रियापद येतं. ईडिपसचा नेम कुठे चुकला? कॉरिंथमध्ये ज्यांनी वाढवलं त्यांनाच तो आईबाप समजला. भाकीत ऐकल्यावर त्यांना इजा होऊ नये म्हणून तो कॉरिंथला परतलाच नाही, आणि तीन रस्ते मिळतात तिथे एका रथातल्या म्हाताऱ्यानं, म्हणजे त्याच्या खऱ्या बापानं, लायसनं, त्याच्या डोक्यात पराणी हाणली तेव्हा त्यानं उलटा वार केला. हे अज्ञान आहे. त्याला दुर्गुण म्हणणं त्या माणसावर अन्याय आहे, आणि मला तो आजही सहन होत नाही. आणखी एक, सोफोक्लीस वारला तेव्हा ॲरिस्टॉटल जन्मलाही नव्हता. म्हणजे ही नाटकं त्याच्या नियमांवर बेतून लिहिलेली नाहीत.

नियतीला सटवाईचा लेख समजणं

सटवाई कपाळावर लिहून जाते आणि ते पुसता येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नियतीसाठीचा ग्रीकांचा 'मोइरा' हा शब्द मात्र मुळात 'वाटा' या अर्थाचा आहे. गंमत म्हणजे आपलं 'भाग्य'ही 'भाग'मधूनच आलंय, आणि 'माझ्या वाट्याला हे आलं' असं आपण रोज म्हणतो. तोच अर्थ मनात धरून वाचा. वाटा ठरलेला असतो, त्याचं काय करायचं ते पुष्कळदा मोकळं असतं.

अकिलीससमोर तर दोन वाटे आहेत. ट्रॉयला थांबला तर लवकर मरण आणि न सरणारी कीर्ती, घरी परतला तर दीर्घायुष्य, पण नाव राहणार नाही. हे तो स्वतः नवव्या सर्गात सांगतो. सोळाव्या सर्गात झ्यूसचा लाडका मुलगा सार्पेडॉन मरणार असतो. त्याला उचलून न्यावं का, असा विचार झ्यूसच्या मनात येतो. त्याची बायको हेरा म्हणते, कर, पण बाकीच्या देवांना ते पटणार नाही. मग झ्यूस थांबतो आणि पृथ्वीवर रक्ताचे थेंब पाडतो. म्हणजे देवाधिदेवालाही तो वाटा बदलण्याचा मोह होतो, आणि तो मोह आवरायची किंमत त्याला मोजावी लागते. 'ओडिसी'च्या सुरुवातीला तर तो तक्रारच करतो: माणसं सगळं आमच्यावर ढकलतात, पण वाट्याला आलेल्यापेक्षा जास्तीचं दुःख ती आपल्या बेफामपणानं ओढवून घेतात.

आता पुन्हा ईडिपस. भाकितात काय होतं? बापाचा खून आणि आईशी लग्न. खुन्याचा तपास करणं त्यात नव्हतं. योकास्टा, म्हणजे त्याची बायको आणि आईही, 'पुरे कर' म्हणून विनवत असताना पुढे जाणं नव्हतं. डोळे फोडणंही नव्हतं. डोळे कुणी फोडले, असं कोरस विचारतो तेव्हा तो म्हणतो की हे दुःख भाकितांच्या देवानं, अपोलोनं, आणलं, पण वार करणारा हात माझाच. त्या एका उत्तरात देव आणि माणूस दोघंही आहेत. त्यातला एक गाळला की अर्धंच नाटक उरतं.

सगळी भाकितं एकाच साच्यातली धरणं

यावर सोपा उपाय आहे. भाकीत आलं की वहीत तीन गोष्टी लिहा: ते कुणी ऐकलं, आता कोण सांगतंय, आणि त्यात 'जर' आहे का. एस्किलसच्या थीब्जवरच्या नाटकात अपोलो लायसला बजावतो की मूल होऊ न देता मेलास तर नगरी वाचेल. तिथे 'जर' आहे. सोफोक्लीसची योकास्टा तेच भाकीत सांगते तेव्हा 'जर' नाही, मुलाच्या हातून मरण आहे, बस. आणि डेल्फीत, अपोलोच्या देवळात, ईडिपस विचारतो की माझे आईबाप कोण, तर उत्तर भलत्याच गोष्टीचं मिळतं. विचारलेला प्रश्न तसाच राहतो आणि तो तिथून निघून जातो.

सोफोक्लीसच्याच 'फिलॉक्टेटीस'मध्ये (इ.स.पू. ४०९) तर भाकिताचा अर्थ लावणं हेच नाटक आहे. ट्रॉय पडायला फिलॉक्टेटीसजवळचं हेराक्लीसचं धनुष्य हवं की धनुष्यासकट तो जखमी माणूसही हवा? ओडिसियस धनुष्याच्या मागे लागतो. अकिलीसच्या पोरसवदा मुलाला, निऑप्टोलेमसला, मध्येच कळतं की माणसाशिवाय धनुष्य व्यर्थ आहे. आणि हे नाटक फिलॉक्टेटीस बरा होणार या आशेवर संपतं, म्हणून मला 'शोकांतिका'पेक्षा 'शोकात्मिका' हा शब्द बरा वाटतो. अंत दुःखाचाच असला पाहिजे असं ग्रीकांनी कधी मानलं नाही.

अकिलीसची टाच, म्हणजे त्याच्या अंगावरची ती एकच मर्माची जागा, 'इलियड'मध्ये शोधू नका, ती तिथे नाही. त्याचं मरणही त्या काव्यात घडत नाही, फक्त जवळ येत राहतं.

भाकीत आणि माज दोन्ही एकत्र बघायचे असतील तर सोफोक्लीसचं 'अजॅक्स' घ्या, ट्रॉयला लढणाऱ्या ग्रीक योद्ध्याचं नाटक. देवांच्या मदतीनं कुणीही जिंकेल, मी तिच्याशिवाय जिंकेन, असं तो घरून निघताना बापाला म्हणाला होता. म्हणून अथीनेचा राग. पण कॅल्कस ज्योतिषी सांगतो की तो राग फक्त आजच्या दिवसापुरता आहे, आज त्याला तंबूबाहेर पडू देऊ नका. निरोप्या धावत येतो. अजॅक्स आधीच समुद्राकडे गेलेला असतो, शत्रूनं, ट्रॉयच्या हेक्टरनं, भेट दिलेली तलवार घेऊन. त्याच्यासोबत राहणारी टेक्मेसा सगळ्यांना चारी दिशांना पिटाळते आणि स्वतःही शोधायला निघते. हा प्रवेश वाचताना मधे थांबू नका.