मेंब्रेनवर काम सुरू करताय? आधी स्लरी ओळखा

प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मेंब्रेन किती मायक्रॉनचं?" म्हणजे या गाळणीची छिद्रं किती बारीक. मी त्यांना आधी स्लरी, म्हणजे बारीक कण मिसळलेलं पाणी, मोजपात्रात भरून ठेवायला सांगतो. स्थिर पाण्यात 1 मायक्रॉनचा केओलिनचा (पांढऱ्या चिनी मातीचा) सुटा कण दिवसाला जेमतेम सात-आठ सेंटिमीटर उतरतो. 0.2 मायक्रॉनचा तर त्याच्याही पंचविसाव्या हिश्शाने. अशा मालाला थिकनर (घन तळाशी बसू देणारी टाकी) पुरत नाही, आणि फिल्टर प्रेसचं (दाबाने गाळणाऱ्या यंत्राचं) कापड बुजतं. म्हणून क्रॉसफ्लो: सिरॅमिक नळीतून स्लरी सेकंदाला तीन-चार मीटर वेगाने फिरते, पाणी भिंतीतून बाहेर पडतं, घन आतच राहतो.

स्लरीतलं विरघळलेलं मीठ काढायला ती याच नळीत धुतात. त्या धुण्याचं गणित तोंडी करता आलं पाहिजे. जेवढं पर्मिएट (भिंतीतून बाहेर पडलेलं पाणी) निघेल तेवढंच स्वच्छ पाणी घालत राहिलं, तर स्लरीच्या तिप्पट पाण्यात विरघळलेलं मीठ 5 टक्के उरतं, 4.6 पटीत 1 टक्का. म्हणून आधी घट्ट करायचं, मग धुवायचं. 5 टक्के घनाची 100 किलो स्लरी 20 टक्क्यांवर नेली की 25 किलोच उरते. धुण्याचं पाणीही त्या मानाने वाचतं. फार घट्ट केली तर मात्र फ्लक्स (मेंब्रेनमधून पाणी निघण्याचा दर) इतका पडतो की वाचलेलं पाणी वेळेत जातं. शिवाय हे गणित विरघळलेल्या मिठापुरतंच. कणाला चिकटलेला सल्फेट त्याला जुमानत नाही.

खरी गंमत धुताना होते. टिटॅनियम डायऑक्साइड घ्या. मीठ जातं तसे कण एकमेकांना ढकलू लागतात, गुठळ्या सुटतात, बारीक कणांचा दाट थर भिंतीवर बसतो आणि फ्लक्स घसरतो. मुलं लगेच मेंब्रेन साफ करायला कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) काढतात. पण मेंब्रेन बिघडलेलं नसतं, स्लरी बदललेली असते! शिवाय कॉस्टिकने हा थर विरघळतही नाही. पीएच 6 च्या आसपास असेल तर कणांवरचा विद्युतभार जवळपास शून्य असतो आणि गुठळ्या टिकतात. त्यामुळे कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, म्हणजे मीठ किती उरलं त्याची खूण) आणि पीएच एकाच तक्त्यात लिहा, शेजारी फ्लक्स. फ्लक्स घसरण्याचं कारण तिथेच सापडतं. थर काढायला पर्मिएटचा व्हॉल्व्ह बंद करून जोरात पाणी फिरवा, सोय असेल तर बॅकपल्स (बाहेरून आत पाण्याचा उलटा झटका) द्या.

सुरुवातही तो व्हॉल्व्ह बंद ठेवूनच करा. वेग आला की हळूहळू उघडा. प्रत्येक रनआधी साध्या पाण्याचा फ्लक्स तापमानासकट नोंदवा, कारण एका अंशाने तो साधारण 2 टक्के बदलतो. आणि काम संपल्यावर लूप (स्लरी फिरते ती नळ्यांची साखळी) पाण्याने धुऊन, भरूनच घरी जा. नळीत वाळलेली स्लरी दुसऱ्या दिवशी सहज निघत नाही.